गोड आहेत का हो रताळी?

आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी भाजीबाजारात रताळ्यांचे ढीग लागतात आणि प्रत्येक ढिगापाशी एकच प्रश्न ऐकू येतो. "मावशी, गोड आहेत ना?" मावशींचं उत्तरही ठरलेलं. "साखर आहे ताई, साखर! गोड नाही निघाली तर परत आणा." अर्धं खाल्लेलं रताळं परत द्यायला कुणी येत नाही, हे दोघींनाही माहीत असतं.

खरं तर तेव्हा उत्तर ना मावशींकडे असतं, ना रताळ्याकडे. कच्च्या रताळ्यात शंभर ग्रॅममागे साखर असते साधारण चार ग्रॅम, जातीनुसार थोडी कमी-जास्त. गाजरातही जवळपास तेवढीच असते. बाकीचा ऐवज मुख्यतः पाणी आणि स्टार्च, आणि स्टार्चला गोडी नसते. ज्या गोडीसाठी आपण रताळं खातो, तिच्यातली बरीचशी त्या ढिगात अजून जन्मालाच आलेली नसते. ती पुढे आपल्या गॅसवर तयार होते. किंवा होत नाही. एकाच ढिगातली रताळी शेजारणीकडे मधासारखी लागतात आणि आपल्याकडे ओल्या खडूसारखी, तेव्हा दोष बहुतेक वेळा कुकरच्या शिट्ट्यांचा असतो.

हे कसं होतं ते बघण्याआधी नावाचा घोळ निस्तरू. रताळं मूळचं अमेरिका खंडातलं. कॅरिबियन बेटांवरचे लोक त्याला 'बटाटा' म्हणत. हो, रताळ्यालाच! स्पॅनिश आणि पोर्तुगीज खलाशांनी कंदाबरोबर शब्दही उचलला. पुढे दक्षिण अमेरिकेच्या डोंगराळ भागातून दुसरा एक कंद आला, त्यालाही लोक त्याच नावानं हाका मारू लागले आणि मराठीत तर ते नाव त्या दुसऱ्याच्याच मालकीचं झालं. रताळ्याला मिळालं 'रक्तालु'वरून आलेलं नाव. पण हा संस्कृत शब्द रताळं इथे पोचण्याच्या आधीचा, म्हणजे मुळात दुसऱ्याच कुठल्या तरी लाल कंदाचा. त्याची खूण गुजरातीत अजून शिल्लक आहे. सुरतेच्या बाजारात 'रताळू' मागितलंत तर उंधियूत घालायचं जांभळं कोनफळ हातात पडेल. आपलं रताळं तिथे 'शक्करिया'. थोडक्यात, रताळ्याचं स्वतःचं नाव बटाट्यानं नेलं आणि ते कोनफळाच्या नावावर दिवस काढतंय.

नावापुरता संबंध सोडला, तर बटाटा आणि रताळं यांची सोयरीक नाही. बटाटा वांगी-टोमॅटोच्या कुळातला. रताळं गारवेलीच्या कुळातलं, पाण्याकाठी उगवणाऱ्या नाळीच्या भाजीचं सख्खं भावंड. रताळ्याच्या वेलाला येणारं फिकट जांभळं, कर्ण्यासारखं फूल पाहिलं की नातं लगेच पटतं. दुसरा फरक हाताला कळतो. बटाटा हे जमिनीखाली फुगलेलं खोड आहे, म्हणून त्याला डोळे असतात आणि उन्हात ठेवला की तो हिरवा पडतो. रताळं हे फुगलेलं मूळ. त्याला डोळे नाहीत, उन्हानं ते हिरवंही पडत नाही.

लागवड बियांनी होत नाही, वेलाच्या तुकड्यांनी होते. वीस-तीस सेंटिमीटरचे फाटे सरी-वरंब्यावर खोचायचे, पेर मातीत गाडलं गेलं पाहिजे. त्या पेरापासून मुळं फुटतात. त्यातली काही साधी मुळंच राहतात आणि काहींत स्टार्च साठू लागतो. ही निवड पहिल्या महिना-दीड महिन्यात होऊन जाते, म्हणून त्या काळात माती भुसभुशीत लागते. घट्ट, चिकट जमिनीत मुळं सुतळीसारखी लांबट होतात. वेल पसरला की आणखी एक काम येतं, ते म्हणजे वेल परतण्याचं. वेल जमिनीला टेकेल तिथे प्रत्येक पेराशी नवी मुळं धरतो आणि ताकद दहा ठिकाणी वाटली जाते. शेतकरी तो अधूनमधून उचलून वरंब्यावर उलटा टाकतो, म्हणजे जे काही पोसायचं ते बुडाशीच पोसलं जातं. साडेतीन-चार महिन्यांत काढणी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं 'कोकण अश्विनी' नावाची लवकर येणारी जातही दिली आहे. पुण्याच्या बाजारात एकादशीला येणाऱ्या मालात करमाळ्याकडची लहान, गावरान रताळी आणि बेळगावकडची मोठी रताळी अशी दोन घराणी ओळखू येतात. जाणकार गिऱ्हाईक लहानांच्या ढिगाशी थांबतं. मीही तिथेच थांबते.

आता गोडीचा पहिला मुक्काम. नुकतं खणून काढलेलं रताळं हे त्याच्या आयुष्यातलं सर्वांत कमी गोड रताळं असतं. काढताना कुदळीनं, फाळानं त्याला जखमा होतात. साल इतकी नाजूक की नखानं सुटावी. अशा मालाला पाच-सात दिवस उबदार, दमट हवेत ठेवलं, साधारण तीस अंश तापमान आणि भरपूर ओलावा असला, की जखमांवर बुचासारखा थर धरतो आणि साल घट्ट होते. त्यानंतर सडायचा धोका कमी होतो आणि रताळी महिनोन्‌महिने टिकू शकतात. याच दिवसांत आत थोडा-थोडा स्टार्च साखरेत बदलू लागतो. अमेरिकेत, जपानात यासाठी खास खोल्या असतात. आपल्याकडे सणाची घाई असते. माल निघाला की थेट पोत्यात, पोत्यातून ट्रकमध्ये, ट्रकमधून मंडईत. म्हणून घरी एक साधा उपाय करता येतो. एकादशी शुक्रवारी असेल तर रताळी आधीच्या शनिवारी आणावीत आणि जाळीच्या टोपलीत, स्वयंपाकघराच्या उबदार कोपऱ्यात राहू द्यावीत. धुवायची नाहीत. माती राहू दे.

आणि फ्रिजमध्ये ठेवायची नाहीत. हे जरा ठासून सांगते, कारण भाजी आणली की ती फ्रिजमध्ये जाते ही आता हाताला लागलेली सवय आहे. रताळं उष्ण प्रदेशातलं, बारा अंशांखालची थंडी त्याला सोसत नाही. वरून काही दिसत नाही, पण आतला गर बिघडतो आणि मग ते कितीही शिजवलं तरी मध्ये एक टणक गाठ राहते. कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या तरी ती गाठ मऊ होत नाही. आपण मात्र "यंदा रताळीच वाईट होती" म्हणून मोकळे.

मुख्य कारभार चुलीवर. रताळ्यात बीटा-अमायलेज नावाचं एक विकर, म्हणजे एन्झाइम, भरपूर असतं. बटाट्यात ते नावापुरतं, म्हणून बटाटा कितीही वेळ शिजवला तरी गोड होत नाही. या विकराचं काम म्हणजे स्टार्चच्या लांबलचक साखळीच्या टोकाकडून दोन-दोन कड्या कापत जायचं. त्या दोन कड्यांचा तुकडा म्हणजे माल्टोज ही साखर. मोड आलेल्या धान्यात जी हलकी गोडी लागते तीही याचीच. माल्टोज आपल्या साखरेच्या निम्म्याहूनही कमी गोड असतं, पण रताळ्यात ते इतकं तयार होतं की ती कसर भरून निघते.

अडचण अशी की कच्च्या रताळ्यात स्टार्चचे कण घट्ट मिटलेले असतात, विकराला आत शिरता येत नाही. समजा, धान्याचं एक गोदाम आहे आणि बाहेर हमाल बसलेत. गोदामाचं दार उघडतं ते गराचं तापमान साठ-पासष्ट अंशांवर गेल्यावर. तेव्हा कण पाणी पिऊन फुगतात, सैल होतात. हमाल कामाला लागतात आणि गर जसा तापेल तसा त्यांचा हात अधिकच चालतो. पण पंचाहत्तरच्या पुढे तेच लुळे पडू लागतात आणि ऐंशीच्या वर एकही उभा राहत नाही. म्हणजे सगळा व्यवहार मधल्या पंधरा-एक अंशांत उरकायचा. रताळ्याचा गर या टप्प्यात जितकी मिनिटं घालवेल तितकी गोडी. पाच मिनिटं घालवली तर पाच मिनिटांची, अर्धा तास घालवला तर अर्ध्या तासाची.

आता कुकरकडे बघा. तो आतलं तापमान शंभराच्याही वर, एकशेवीसपर्यंत नेतो. फोडी केलेलं रताळं हा मधला टप्पा धडाधड ओलांडून जातं. मायक्रोवेव्ह त्याहून घाई करतो. रताळं शिजतं, मऊ होतं, खाता येतं. गोड व्हायचं मात्र राहून जातं, आणि मग वरून साखर घालावी लागते.

उलट, चुलीच्या आरात पुरलेलं रताळं आठवा. जेवणं आटोपली, विस्तव विझत आला, राख गरम आहे, तिच्यात दोन-चार रताळी सारून ठेवली आणि तास-दीड तासानं काढली. सालीवर काळसर चिकट पाक सुटलेला असतो, तो विकराच्या मजुरीचा पुरावा. जपानमध्ये गरम खड्यांवर रताळी अशीच सावकाश भाजून विकतात, तिकडे 'याकी-इमो' म्हणतात, आणि थंडीत त्याची गाडी गल्लीतून हाळी देत फिरते. आपल्या रायगड जिल्ह्यातली पोपटीही याच बिरादरीतली. मडक्यात तळाला आणि तोंडाशी भांबुर्ड्याचा पाला, मध्ये वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, अंडी, ज्यांना चालते त्यांच्यासाठी कोंबडी. मडकं उलटं करून भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही. शेंगांच्या गराड्यात अखंड रताळं आपल्याच वाफेवर हळूहळू तापतं. पोपटीत सगळे शेंगांवर तुटून पडतात, मी मडकं उपडं होताना रताळ्यावर नजर ठेवते.

फ्लॅटमध्ये चूल नाही, पण जाड बुडाची लोखंडी कढई असते. सारख्या आकाराची, मध्यम जाडीची, अखंड रताळी धुऊन, पुसून कढईत ठेवायची. पाणी नाही, तेल नाही. घट्ट झाकण. सर्वांत लहान बर्नर, सर्वांत बारीक आच. दर दहा-बारा मिनिटांनी कूस बदलायची. पन्नास मिनिटं ते एक तास. गॅस जातो, हे मान्य. तेवढ्या वेळात दुसऱ्या शेगडीवर साबुदाणा होतो, शिवाय साखरही वाचते. पटत नसेल तर एकाच ढिगातल्या दोन सारख्या रताळ्यांवर प्रयोग करावा. एक कुकरला, दोन शिट्ट्या. दुसरं कढईत तासभर. घरातल्यांचे डोळे मिटवून चव द्यावी. मी हे आमच्याकडे केलं, तेव्हा "हे दुसरं कुठल्या दुकानातलं?" असा प्रश्न आला होता.

उकडायचीच असतील तर निदान अखंड, सालासकट, गार पाण्यात घालून मंद आचेवर चढवावीत. उकळत्या पाण्यात सोडू नयेत. सोलून, कापून उकडली की जी थोडी साखर तयार होते तीही पाण्यात उतरते.

किसाची गोष्ट वेगळी. बारीक तंतू तव्यावर क्षणात तापतात, विकराला श्वास घ्यायलाही उसंत नाही. तूप-जिऱ्याच्या फोडणीत कीस घालून, लगेच झाकण ठेवून मंद आचेवर दोन वाफा काढायच्या, ही आजीची पद्धत त्यातल्या त्यात बरी. दाण्याचं कूट, हिरवी मिरची, वर खोबरं आलं की किसाला फार गोडीची गरजही उरत नाही. किसताना गर काळा पडतो, कारण चिरल्यावर त्यातली द्रव्यं हवा लागून काळवंडतात. म्हणून कीस थेट पाण्यात धरावा आणि घट्ट पिळून घ्यावा. गोड कापांना वेगळी शिस्त. गूळ आधी घातला तर काप कडक राहतात, कारण साखर आणि गुळातलं कॅल्शियम पेशींमधला सांधा सैल होऊ देत नाही. आधी तुपावर झाकण ठेवून काप पूर्ण मऊ करावेत, मग गूळ, वेलची. याच नियमाचा उलटा फायदाही होतो. काप मोडायला नको असतील तर गूळ जरा लवकर घाला. उपवास नसेल तर उकडलेल्या रताळ्याच्या गरात गूळ विरघळवून, मावेल तेवढी कणीक घालून घाऱ्या थापाव्यात. तळताना आच मध्यमच हवी, नाहीतर साखरेमुळे घारी बाहेरून काळी आणि आतून कच्ची. आणि लवकर शिजावं म्हणून सोड्याची चिमूट टाकायचा मोह झाला तर आवरा. सोड्यानं रताळं हिरवट पडतं. विषारी होत नाही, पण पानात शोभत नाही.

पौष्टिकतेबद्दल बरंच गोड बोललं जातं, त्यातलं काही निवडून घेतलं पाहिजे. शंभर ग्रॅम रताळ्यात सुमारे 86 उष्मांक, तीन ग्रॅमच्या आसपास तंतू, चांगल्यापैकी पोटॅशियम. प्रथिनं दीड-एक ग्रॅम, म्हणजे त्यासाठी दाणे किंवा दही सोबत हवंच. पण "रताळ्यात अ जीवनसत्त्व ठासून भरलेलं असतं" हे वाक्य आपल्या बाजारातल्या रताळ्याला लागू नाही. ते नारिंगी गराच्या रताळ्याबद्दलचं आहे. नारिंगी रंग बीटा-कॅरोटिनचा, आणि शरीर त्यातूनच अ जीवनसत्त्व बनवतं. आपलं लाल सालीचं, पांढऱ्या गराचं रताळं त्या बाबतीत जवळजवळ रिकामं. साल लाल आहे म्हणून फसू नका, गर बघा.

नारिंगी रताळ्याची कथा मोठी आहे. आफ्रिकेतल्या अनेक देशांत लहान मुलांना अ जीवनसत्त्वाअभावी अंधत्व येत असे. तिथे रताळं रोज खाल्लं जाई, पण पांढरं. नारिंगी जाती होत्या, मात्र त्या पाणचट. लोकांना पिठूळ, कोरडं रताळं आवडायचं. पेरूतल्या लिमा शहरातल्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राच्या मारिया आंद्रादे यांनी मोझांबिकमध्ये आणि रॉबर्ट म्वांगा यांनी युगांडात रंगानं नारिंगी, पण तोंडात पिठूळ अशा जाती घडवल्या, तर जान लो यांनी त्या घरोघरी खाल्ल्या जाव्यात यासाठी काम केलं. या तिघांना हॉवर्थ बुई यांच्यासह 2016 चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. संशोधनाची गाडी शेवटी चवीपाशी अडली आणि चवीनंच पुढे गेली, हे मला त्यात फार आवडतं. आपल्याकडे तिरुवनंतपुरमजवळच्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेनं 'भू सोना' ही नारिंगी आणि 'भू कृष्णा' ही जांभळी जात दिली आहे. भू सोनामध्ये शंभर ग्रॅमला 14 मिलिग्रॅमपर्यंत बीटा-कॅरोटिन असतं. अशी रताळी कुठे दिसली तर चमचाभर तुपाबरोबर खावीत, कारण बीटा-कॅरोटिन स्निग्धाशिवाय नीट शोषलं जात नाही.

मधुमेह्यांसाठी मात्र वरचा सगळा उपदेश उलटा वाचावा लागतो. सावकाश भाजून जितकी साखर आपण तयार करू तितकी ती रक्तात भराभर चढणार. उकडलेलं रताळं भाजलेल्यापेक्षा या बाबतीत बरंच सौम्य. म्हणजे कुकरमधलं ते बेचव रताळंच त्यांच्या कामाचं, तेही बेतानं. "एकादशी अन् दुप्पट खाशी" ही म्हण कुणी तरी साखर मोजूनच केली असावी. मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा मुतखडे होत असतील, तर पोटॅशियम आणि ऑक्झलेटमुळे आधी डॉक्टरांना विचारावं.

एक इशारा. एखाद्या घासाला कडू चव लागली तर ते रताळं सगळं टाकून द्यावं. सोंड्या भुंग्याची अळी आत शिरली किंवा बुरशी लागली की रताळं स्वतःच्या बचावासाठी कडू द्रव्यं तयार करतं, ती दुखऱ्या भागाबाहेरही पसरतात आणि शिजवून जात नाहीत. असं सडकं रताळं खाऊन गुरांची फुप्फुसं निकामी झाल्याची उदाहरणं पशुवैद्यकात नोंदलेली आहेत. तेव्हा ते गोठ्यातही टाकू नये. घेताना सालीवर सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतात का ते पाहावं. जाड, फार मोठं रताळं घेण्यापेक्षा मुठीत मावणारं, दोन्ही टोकं सुकलेली पण कोंब नसलेलं घ्यावं.

कोंब आले म्हणून मात्र ते वाया जात नाही. गेल्या वर्षी टोपलीत विसरलेल्या एकाला जांभळट कोंब फुटले होते. ते वीतभर वाढल्यावर कापून मोठ्या कुंडीत खोचले. वेल गच्चीच्या कठड्यावरून खाली लोंबला. त्याची कोवळी पानं लसूण-मिरचीच्या फोडणीवर परतली की पालकासारखी लागतात, किंचित बुळबुळीत. ही भाजी महिन्यातून दोनदा तरी झाली. वेल परतायला मी विसरत होते, त्याची शिक्षा मिळाली. चार महिन्यांनी कुंडी उपडी केली तेव्हा हाताला आली तीन रताळी, एक बरं, दोन बोटाएवढी. तिन्ही न धुता टोपलीत ठेवली आहेत. घरातले रोज विचारतात, गोड आहेत का. अजून चार दिवस थांबायचंय.